गिरजाबाईचा तलाव आणि माझे किडे

आमच्या प्लांटवर पहिल्यांदा येणारा माणूस फाटकातच खिशातून रुमाल काढतो आणि नाकाला लावतो. इथे दिवसभर राहता तरी कसे, असं तो तोंडाने विचारत नाही, पण डोळ्यांत ते दिसतं. मी त्यावर काही बोलत नसे, चहा मागवत असे. चहा प्यायचा तर रुमाल बाजूला घ्यावाच लागतो, आणि एकदा घेतला की तो परत लावायचं पाहुण्याच्या लक्षात राहत नाही. नीट चालणाऱ्या प्लांटला घाण वास येतच नाही. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटल्यावर शेतातल्या बांधीला येतो तसा ओल्या चिखलाचा वास येतो. नोकरीची सगळी वर्षं मी हे लोकांना सांगत आलो, पण सांगून कोणालाच पटलं नाही. चहाने मात्र पटायचं.

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर ऑपरेटर होतो. हे लांबलचक नाव फक्त फाटकावरच्या पाटीवर. गावात कोणी ‘गटार फिल्टर’ म्हणे, कोणी नुसतं ‘प्लांट’. गाव आमचं चामोर्शीच्या बाजूचं, चारी अंगांनी धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की जंगल. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांची गोष्ट येणार आहे त्यांना अजून पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायचं आहे.

घाण पाणी स्वच्छ करतं कोण, असं विचारलं तर लोक म्हणतात मशीन. काही म्हणतात औषध टाकत असाल. मशीन बिचारी नुसती हवा फुंकते. खरं काम करतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. आम्ही त्यांना किडे म्हणायचो, लाडाने. गावातली सगळी नाली आधी लोखंडी जाळीतून जाते, तिथे कचरा अडतो. मग पाणी हवेच्या टाकीत येतं. तिथे हे किडे घाण खातात, हवा घेतात, वाढतात. पुढच्या टाकीत पाणी शांत झालं की ते तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी बाहेर जातं. तळाशी बसलेल्यांना आम्ही उचलून पुन्हा कामावर पाठवायचो. मी स्वतःला गुराखीच समजत असे. गुराख्याला आपली जनावरं मोजता येतात, मला येत नव्हती, एवढाच फरक.

जाळीवर काय काय अडकतं, ते सगळं दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. चपला, टूथब्रश, लहान मुलांचे चेंडू हे तर रोजचंच. एकदा एक सेवानिवृत्त गुरुजी सकाळी सकाळी सायकलवर आले आणि बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. तोंडावर हात धरूनच बोलत होते. मला वाटलं, वासामुळे. शेवटी निघताना फाटकाशी हळूच म्हणाले, चूळ भरताना खालची कवळी वाहून गेली, सापडली तर पाहाल का. सापडली. त्यांनी ती खिशात घातली आणि म्हणाले, गावात बोलू नका. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ते गेल्यावर, मी हे पहिल्यांदा इथे लिहितो आहे. त्यांच्या मुलाने वाचलं तर हसेल, असा माणूस आहे.

माझ्या घरी मात्र या नोकरीचं हसू नव्हतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गावकीची सगळी घाणीची कामं एका दिवसात टाकून दिली, आणि त्यापायी घरादाराने पुष्कळ सोसलं. त्याच घरातला मी आयटीआय करून गटाराच्या टाकीवर उभा राहिलो. बाबा म्हणाले, “आमी जे सोडलं ते तू पगार घेऊन करून राह्यला.” मी त्यांना समजावत राहिलो की मी घाण उचलत नाही, पाणी साफ करतो, आणि यात जात नाही, विज्ञान आहे. ते ऐकून घ्यायचे. पण प्लांटवर ते एकदाही आले नाहीत. त्यांना निदान चहाला तरी बोलवायला हवं होतं असं मला अजून वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

असो. गोष्ट गिरजाबाईची सांगायची आहे.

प्लांटच्या खालच्या अंगाला मामा तलाव आहे, म्हणजे जुन्या मालगुजाराने बांधलेला. तो ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे असतो आणि गिरजाबाई त्या सोसायटीच्या अध्यक्ष. उंच बाई, आवाज असा की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बोलल्या तर समोरच्या काठावरचा मासेमारीचा डोंगा वळायचा. आमचं साफ केलेलं पाणी तलावात जावं म्हणून प्लांट बांधतानाच पाइप टाकलेला होता, पाळीवर पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉलही बसवला होता. पण सोसायटीने तो कधी उघडू दिला नाही. गटाराच्या पाण्याची मच्छी कोण घेणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. त्यामुळे आमचं चांगलं पाणी नाल्याने वाहून जायचं आणि मी ते पाहत बसायचो.

एका वर्षी पावसाने दगा दिला. धानाचे रोवणे कसेबसे आटोपले, पण तलाव अर्धाही भरला नाही. गिरजाबाईंनी तर त्यात मत्स्यबीज आधीच सोडलेलं. रोहू आणि कतल्याची बोटाएवढी पिल्लं. सोसायटीतल्या सगळ्या घरांचं वर्ष त्या पाण्यात पोहत होतं. पाणी आटत चाललं तेव्हा त्या स्वतः प्लांटवर आल्या. रुमाल वगैरे काही नाही, सरळ शेवटच्या टाकीशी जाऊन ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. मी तपासणीचा कागद पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही.

“कागद राहू दे भाऊ,” त्या म्हणाल्या. “मच्छी खोटं नाई बोलत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून काही पिल्लं आणली आणि आमच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यावरच्या सिमेंटच्या टाक्यात सोडली. रोज सकाळी येऊन बघायच्या. पिल्लं मजेत होती, चांगलं अंग धरू लागली होती. मग एक दिवस त्यांनी पाळीवरचा गंजलेला व्हॉल दोघा माणसांकडून उघडवून घेतला आणि आमचं पाणी तलावात गेलं. सोसायटीत कुरकुर झाली, पण बाईंनी ती ऐकून घेतली नाही. त्या माझ्या शब्दावर उभ्या होत्या, म्हणजे खरं तर माझ्या किड्यांच्या शब्दावर. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता.

आता बाईंचं दुसरं काम सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि गावोगावच्या बाया ती मनावर घेतात. गिरजाबाई आमच्या गावच्या दारूबंदी समितीतही पुढे. कोणाच्या घरी मोहफुलाचा सडवा भिजत पडला आहे, म्हणजे दारू गाळण्यासाठी कुजवलेली मोहफुलं, हे त्यांना नाकानेच कळायचं. पोळा जवळ आला की सडव्याचे ड्रम भरू लागतात. त्या वर्षीही पोळ्याच्या आधी त्यांनी पोलिसांना घेऊन गावातल्या एका घरी धाड टाकली. मागच्या खोलीत ड्रमच्या रांगा होत्या.

सडवा नष्ट करायचा म्हणजे ओतून द्यायचा. जंगलाच्या बाजूला तो जमिनीवर ओततात. पण बाईंचा अनुभव असा की बाया पाठ वळवतात न वळवतात तोच माणसं ती माती गोळा करून पिळतात. शिवाय इथे समोर सिमेंटचा रस्ता. म्हणून बाईंनी डोकं लढवलं. रस्त्यावरच्या नालीचं झाकण उघडायला लावलं आणि सगळेच्या सगळे ड्रम त्यात उपडे केले. परत काढायची सोयच नको. गावाने टाळ्या वाजवल्या. गावातली नाली कुठे जाते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि बाईंच्या त्या घाईत लक्षात आलं नाही.

संध्याकाळी माझी जाळी तुंबली. फुगून टपोरी झालेली मोहफुलं, घमेल्यामागून घमेली. साऱ्या प्लांटवर होळीच्या दिवसांत मोह गळतो तेव्हासारखा घमघमाट. माझा जोडीदार देवराव हवा फुंकणारे ब्लोअर सांभाळायचा, जंगलाकडच्या गावातला, माझ्याच वयाचा. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, आज गावानं आपल्याले पाजली.” आम्ही हसलो. फुलं काढून कुंपणाशी ढीग घातला, दोन्ही ब्लोअर पूर्ण सोडले. किडे गोडावर तुटून पडतात आणि खाताना हवा फार ओढतात, हे मला ठाऊक होतं. पण रात्रभर हवा दिली तर पचवतील, असं वाटलं. टाक्यातली पिल्लं तेव्हा ठीक होती.

दिवस उजाडता उजाडता देवरावचा फोन आला. मी पोचलो तर तो ब्लोअरच्या खोलीच्या छतावर बसलेला. मला हाताने खुणावत होता, हळू ये. कुंपण एका जागी वाकलं होतं आणि मोहाच्या ढिगावर एक अस्वल बसलं होतं. बसलं होतं म्हणजे अगदी मांडी घातल्यासारखं. दोन्ही पंजांनी फुलं ओढत होतं आणि मधून मधून डोकं डोलवत होतं.

मी शिडीवरून देवरावजवळ पोचलो आणि टाक्यांकडे बघितलं. हवेची टाकी तपकिरी असायची, ती राखाडी झाली होती. पुढच्या टाकीतला गाळ तळाशी बसायचा सोडून वर आला होता आणि काठावरून बाहेर जाऊ लागला होता. सिमेंटच्या टाक्यातली पिल्लं पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होती. पाण्यात हवा उरली नव्हती. आणि तेच पाणी पाइपातून तलावात चाललं होतं. ते बंद करायचं तर आमच्या आवारातला व्हॉल नेमका त्या ढिगाच्या पलीकडे होता.

देवरावला म्हटलं, डबे वाजवून हाकलू. तो म्हणाला, “जेवू द्या त्याले. मोहावरून अस्वलाले उठवलं त मंग आपलं काई खरं नाई.” जंगलातल्या माणसाचं ऐकावं. मी गिरजाबाईंना फोन लावला.

“बाई, पाळीवरचा व्हॉल बंद करा. आत्ता.”

“काऊन?”

“काल तुमी नालीत सांडवला तो सडवा इथी आला. पानी खराब झालं.”

मग त्या म्हणाल्या, “म्हंजे म्याच केलं.” आणि फोन बंद झाला. पुढच्या काही मिनिटांत पाळीवर त्या धावताना दिसल्या, लुगडं खोचलेलं, मागे दोघे तिघे. त्यांनी व्हॉल आवळला. आमचं पाणी नाल्याला लागलं. नाल्याखालच्या बांधीवाल्यांना आणि ऑफिसला मी छतावरूनच कळवलं. नाल्याचंही मला वाईट वाटत होतं, पण तलाव आधी.

अस्वलाने यथासांग आटोपलं, दोनदा पडलं आणि उन्हं वर यायच्या आत डुलत डुलत बांध्यांतून जंगलाकडे निघून गेलं. वनखात्याची माणसं नंतर आली, त्यांनी उरलेली फुलं खड्ड्यात पुरायला लावली. जाता जाता विचारलं, रोज टाकता का.

तलावाच्या तोंडाशी पिल्लं वर तरंगायला लागली होती. ढिवर माणसं डोंग्यांतून उतरली आणि बांबूंनी पाणी झोडपत राहिली. पाणी झोडपलं की त्यात हवा मिसळते, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. कोणीतरी डिझेल इंजिन आणलं, तलावाचंच पाणी उचलून उंचावरून तलावात सोडत राहिले. दुपारपर्यंत तरंगणं थांबलं. मेलेली पिल्लं टोपल्यांनी काढली. आत किती वाचली, हे कोणाला सांगता येत नव्हतं. मच्छी काही हजेरी देत नाही.

संध्याकाळी पाळीवर सोसायटी जमली. मला बोलावलं होतं. मी पाय ओढतच गेलो. गटाराचं पाणी ते गटाराचंच, आम्ही आधीच सांगितलं होतं, असं दोघे तिघे बोलले. ज्याच्या घरचा सडवा होता तोही येऊन दूर उभा होता. मासे निदान मजेत गेले, असं तो म्हणाला आणि काही जण हसले. गिरजाबाई उठल्या. मला वाटलं, आता माझी पाळी.

“पानी चांगलं होतं,” त्या म्हणाल्या. “भाऊनं चांगलंच देल्लं होतं. म्या खराब केलं. बोलायचं त मले बोला.”

भरल्या पाळीवर असं उभं राहून सांगणारी माणसं मी ऑफिसातही फार पाहिली नव्हती.

मग त्यांनी मला विचारलं, तुझे किडे मेले का. मी म्हटलं, सगळे नाही, पण बरेच. नवे कुठून आणायचे, तर शेणातून. ताजं शेण पाण्यात कालवून, गाळून हवेच्या टाकीत सोडलं की त्यातले किडे नव्याने वाढीला लागतात. पुष्कळ शेण लागेल. बाई म्हणाल्या, एवढंच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारूबंदी समितीच्या बाया घरोघर फिरत होत्या. पोळ्याच्या तोंडावर बैल गोठ्यात बांधून, खाऊन पिऊन मस्त असतात, शेणाला तोटा नव्हता. त्या आठवडाभरात ज्या घरांत घुसून त्यांनी ड्रम शोधले होते, त्याच घरांसमोर आता घमेलं घेऊन उभ्या राहत होत्या. सडवेवाल्याच्या बायकोने तर दोन टोपल्या भरून दिल्या आणि वर म्हणाली, पाहा बाई, हे तरी नालीत नका टाकू. बायांनी माझ्या टाकीशी ड्रम मांडले, शेण कालवलं, जुन्या लुगड्याने गाळलं आणि ओतलं. गिरजाबाई टाकीत डोकावून विचारत होत्या, आणखी काय लागतं यांना, गूळ घालू का. मी हात जोडले. गोडानेच तर सगळं झालं होतं.

हे काम एका दिवसात होत नाही. मी रोज काचेच्या बरणीत पाणी घेऊन ठेवायचो आणि गाळ खाली बसतो का बघायचो. आधी बसेना. पोळा होऊन गेला, इकडे तलावाची पातळी रोज उतरत होती आणि मला झोप लागत नव्हती. मग एका सकाळी फाटकातून आत आलो तर चिखलाचा वास आला. टाकी पुन्हा तपकिरी झाली होती. बरणीतला गाळ शहाण्यासारखा खाली बसला. बाईंनी नवी पिल्लं आणून टाक्यात सोडली आणि दोन दिवस तिथेच पोत्यावर ठाण मांडून बसल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या, पाळीवर गेल्या आणि व्हॉल स्वतःच्या हाताने उघडला. मला काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास जाळं टाकायचं ठरलं. सारी सोसायटी पाळीवर, आणि मी रजा काढून. पहिलं जाळं ओढलं ते हलकंच आलं. त्यात शेवाळ आणि खेकडे. कोणी कोणाकडे बघेना. गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, चेहरा दगडासारखा. त्यांनी डोंगा खोल पाण्याकडे घ्यायला सांगितलं, जुन्या खदानीच्या बाजूला. वाचली असतील तर गाळ आला तेव्हा तिकडेच पळाली असतील, असा त्यांचा कयास. दुसरं जाळं टाकलं. ओढणाऱ्यांचे दंड ताठले. मग आणखी दोघे पाण्यात उतरले, मग चौघे. जाळं काठाशी आलं तेव्हा त्यात पाण्यापेक्षा मच्छी जास्त होती. हातभर रोहू, पाठीला काळसर, पोटाला चांदी. मी रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. देवराव शेजारी उभा होता, तोही नाक पुसत होता.

पहिली मच्छी पाळीवरच्या देवाला वाहायची अशी त्यांची रीत आहे. गिरजाबाईंनी एक चांगला रोहू निवडला, दोन्ही हातांत धरला आणि देवाकडे न जाता पाळ उतरून प्लांटच्या वाटेला लागल्या. आम्ही मागोमाग. त्या पायऱ्या चढून हवेच्या टाकीच्या काठावर उभ्या राहिल्या, खाली खळखळणाऱ्या तपकिरी पाण्याकडे बघितलं आणि रोहू अलगद आत सोडला. मग डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले.

“तुह्या किड्यायले,” त्या मला म्हणाल्या.

इतक्या वर्षांत गावाने त्या टाकीकडे जे पाठवलं ते नको असलेलंच पाठवलं. स्वतःला हवं असलेलं काही तिथे आणून देणाऱ्या त्या पहिल्याच. कठड्याला लांब दांड्याची जाळी टांगलेली होती. पाण्यात असं काही पडलं की ते ताबडतोब बाहेर काढायचं, हा आमचा नियम, आणि तो मी नोकरीभर पाळला होता. देवरावने जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नको म्हणून मान हलवली, आणि आम्ही दोघे चहा करायला गेलो.